काटकसर कुठे आणि कुठे नको : एका फिक्स्ड सायकलीची गोष्ट

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कार्यवाहांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. या व्यासपीठावर आपण संतसाहित्य ऐकलं, नाट्यसंगीत ऐकलं, सीमाभागातल्या मराठी शाळांवर पोटतिडकीने बोललेलं ऐकलं. त्यात सायकलीच्या सुट्या भागांवर मी काय बोलणार? पण ते म्हणाले, "काका, आपल्याच गल्लीतली चार पोरं तसली सायकल जुळवायच्या मागे आहेत. तुमच्या नातवाचं झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये." त्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

आधी ही फिक्स्ड गिअर सायकल म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढच्या रांगेतल्या मंडळींच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय. आपल्या नेहमीच्या सायकलीला मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि 'टिकटिक' आवाज येतो. फिक्स्ड सायकलीला फ्रीव्हील नसतं. मागचा दातेरी चक्र, म्हणजे कॉग, चाकाला पक्का बसवलेला असतो. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार आणि पायही फिरणार. पायाने उलटा जोर दिला की चाक मंदावतं. सुटे भाग कमी, वजन कमी, आवाज नाही. पोरांना तेच आवडतं.

ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. आपल्या गावात किर्लोस्कर रोड आहे, रोज आपण त्यावरून जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, किर्लोस्करवाडी हे सगळं नंतरचं, सुरुवात सायकलीची. फ्रीव्हील सर्रास वापरात आलं ते १९०० च्या आसपास. म्हणजे त्या दुकानातून बेळगावच्या रस्त्यावर आलेल्या पहिल्या सायकली फिक्स्डच असणार! तेव्हा नातवंडांना उगाच नावं ठेवू नका. त्यांनी पणजोबांचीच सायकल पुन्हा बाहेर काढली आहे.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी पस्तीस वर्षं उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात काढली. क्रँकशाफ्ट तपासायचो. हातात मायक्रोमीटर, समोर गेज. माप एका शतांशाने चुकलं तर माल परत. लोक मला मागून 'नो-गो' म्हणायचे, ते मला ठाऊक होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

दोन वर्षांपूर्वी गणपती आठ दिवसांवर आलेले. नातू तेव्हा सतरा वर्षांचा. मोबाइलवर कुठली तरी चित्रफीत बघून त्याला फिक्स्ड सायकल हवी झाली. तयार सायकलीची किंमत ऐकून त्याच्या बाबांनी विषयच बंद केला. मग त्याने घरातली जुनी सायकल नेली आणि कुणाकडून तरी फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून आणलं. खर्च ऐंशी रुपये. आणून मला दाखवली. "आबा, बघा, ऐंशी रुपयांत फिक्स्ड!" मी चाक फिरवून पाहिलं. दोन्ही ब्रेक काढलेले दिसले. विचारलं, "ब्रेक कुठे गेले रे?" तर म्हणाला, "पाय हाच ब्रेक, आबा." मी हसलो आणि म्हणालो, "चालतंय की."

पस्तीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासला आणि घरच्या पोराच्या सायकलीला न तपासता पास केलं.

तिसऱ्या दिवशी ढोलाच्या सरावाहून येताना कपिलेश्वर पुलाच्या उतारावर त्याने पायाने चाक धरलं. पाऊस पडून गेला होता, समोर रिक्षा थांबली होती. पाय एकदम मोकळे झाले. पॅडल उलटं फिरायला लागलं आणि सायकल तशीच पुढे. तो रिक्षावर न जाता बाजूच्या कठड्याला घासून पडला, म्हणून निभावलं. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या वर्षी विसर्जनाला ढोल कमरेला बांधण्याऐवजी तो गॅलरीत उभा राहून मिरवणूक बघत होता. सूनबाई मला काही बोलली नाही. ते न बोलणंच जास्त लागलं.

हे झालं कसं? बाटलीचं झाकण आठवा. एका दिशेला फिरवलं की घट्ट, उलट फिरवलं की सैल. फ्रीव्हील हबवर तसंच आट्यांनी बसतं. पुढे पॅडल मारताना साखळी त्याला घट्ट करते. साध्या सायकलीत उलटा जोर कधी लागतच नाही, म्हणून ते सुटत नाही. पण वेल्डिंग करून तुम्ही उलटा जोर दिलात की साखळी तेच झाकण उघडायला लागते. वेल्डिंग पक्कंच होतं. सुटले ते आटे.

खऱ्या फिक्स्ड हबला म्हणून दोन टप्पे असतात. आतला मोठा टप्पा सरळ आट्यांचा, त्यावर कॉग बसतो. बाहेरचा लहान टप्पा उलट्या आट्यांचा, त्यावर लॉकरिंग. कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला ढकलतो, आणि आटे उलटे असल्यामुळे लॉकरिंग आणखी आवळलं जातं. इतकी साधी आणि इतकी हुशारीची गोष्ट आहे. दुकानात हब हातात घेतलात की हा दुसरा टप्पा बोटाने चाचपून बघा. तो नसेल तर दुकानदार काहीही सांगो, तो फिक्स्डचा हब नाही. काही लोक साध्या हबवर कॉग चढवून वर बीबीचं रिंग आवळतात आणि आट्यांना गोंद लावतात. त्या रिंगचे आटेही सरळच. दोन्ही एकाच दिशेने सुटणार. गोंदावर जीव टांगू नये.

आणि ब्रेक नसलेली सायकल? ती असते, नाही असं नाही. जपानमध्ये १९४८ पासून केइरिन नावाच्या शर्यती होतात, लोक त्यावर पैसे लावतात. त्या सायकलींना ब्रेक नसतात. पण त्या उताराच्या भिंतींच्या गोल धावपट्टीवर धावतात. आपल्याकडे पुण्याला बालेवाडीत तसा वेलोड्रोम आहे. तिथे आडवी म्हैस येत नाही, रिक्षा थांबत नाही. आणि गंमत बघा, त्या केइरिनच्या सायकलीचा प्रत्येक भाग तपासून त्यावर 'एनजेएस' अशी मोहर मारलेली असते. मोहर नसलेला भाग शर्यतीत चालत नाही. ज्यांनी ब्रेक काढले त्यांनी तपासणी आधी पक्की केली. आपण ब्रेक तेवढे काढले आणि तपासणी विसरलो.

प्लास्टर निघाल्यावर मला वाटलं, पोरगा सायकलीचं नाव काढणार नाही. पण तो म्हणाला, "आबा, मला तीच चालवायचीय. नीट कशी करायची ते सांगा." त्याच्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन अटी घातल्या. पुढचा ब्रेक राहणार, आणि माझ्या सहीशिवाय एकही भाग चढणार नाही. पैशांची अट मुलाने घातली : बारा हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही.

मग आम्ही ओसरीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि भागांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून तीन ढीग केले. प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा : हा चालत्या सायकलीत निकामी झाला तर काय होईल? पोरगा पडेल, तर पहिला ढीग. सायकल ढकलत घरी यावं लागेल, तर दुसरा. नुसती शोभा जाईल किंवा जरा टोचेल, तर तिसरा. पैसे पहिल्या ढिगात घालायचे आणि काटकसर तिसऱ्या ढिगात करायची. पोरं बरोबर उलटं करतात. रंगीत टायर, रंगीत साखळी, चकचकीत हँडल, आणि हब मात्र मिळेल तो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

पहिल्या ढिगात आलं काय? मागचा हब, कॉग, लॉकरिंग, साखळी, क्रँक आणि पुढचा ब्रेक. त्यांचं एकेक सांगतो.

हब आणि कॉग. यांच्या आट्यांचं चालतं माप १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असं असतं. लॉकरिंगचा व्यास १.२९ इंच. काही इटालियन हबचं लॉकरिंग वेगळ्या मापाचं असतं, म्हणून हब आणि लॉकरिंग एकाच संचातलं घ्यावं. कॉग घेताना आत डोकावून बघा. पत्रा दाबून काढलेल्या स्वस्त कॉगला दोन-तीनच आटे धरतात. लेथवर कापलेल्या जाड पोलादी कॉगला जास्त आटे असतात, आणि जोर सहन करतात ते हेच आटे. हबवर कॉग हाताने फिरवून बघा. तो न अडखळता शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि डुलता कामा नये. दुकानदार हे करू देत नसेल तर नमस्कार करून बाहेर यावं. आम्हाला हब, कॉग आणि लॉकरिंग मिळून दोन हजार नऊशे रुपये पडले. तैवानचा माल, साधा, बेअरिंग बरं.

बसवतानाची एक गोष्ट फार महत्त्वाची. कॉग आवळा, लॉकरिंग आवळा, आणि मग एखादा चढ पायाच्या जोरावर चढून या. चढावर कॉग आणखी थोडा आत जातो आणि लॉकरिंग सैल पडतं. ते परत आवळा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. आपल्या गावात चढाची काही वाण नाही!

साखळी. जाड साखळी, अर्धा इंच बाय एक अष्टमांश इंच. मागचा कॉग आणि पुढचं चेनव्हील त्याच जाडीचं हवं. गिअरच्या सायकलीची बारीक साखळी या जाड दातांवर बसत नाही. नवी चांगली साखळी साडेपाचशेला मिळाली. जुनी वापरायची असेल तर स्टीलची फूटपट्टी लावा. नव्या साखळीच्या एका पिनेपासून मोजत गेलं की बरोबर बारा इंचांवर पीन येते. ती एक षोडशांश इंच पुढे गेली तर साखळी बदलायची वेळ झाली, आणि एक अष्टमांश गेली तर तिने कॉगचे दातही खाल्ले असणार. साखळीचा ताण असा हवा, की मधोमध बोटाने वरखाली केली तर साधारण अर्धा इंच हलावी. फिक्स्डला सैल साखळी उतरली तर चाक जागच्या जागी अडकतं. साध्या सायकलीत साखळी उतरली की हात काळे होतात, इथे दात पडतात.

क्रँक. जुन्या सायकलीत क्रँक कॉटर पिनेने बसतो. पुढे-मागे दोन्हीकडून जोर आला की पीन हळूहळू झिजते आणि क्रँक 'खट खट' करायला लागतो. चौकोनी एक्सलचा क्रँकसेट आणि बंद बेअरिंगची बीबी मिळून एकोणीसशे रुपये गेले. घेताना फ्रेमच्या बीबीचे आटे आणि रुंदी मोजून घेतली. क्रँकची लांबी १६५ मिमी निवडली. वळणावर पाय थांबवता येत नाही, लांब क्रँक जमिनीला टेकतो.

क्रँक बसवला की साखळी सरळ रेषेत आहे का ते बघायचं. फ्रेमच्या मध्यापासून चेनव्हील जितकं दूर, तितकाच कॉग दूर हवा. अशा हबला साधारण ४२ मिमी असतं. एक-दोन मिमीचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर बीबीचा एक्सल लहान-मोठा घ्यावा. आणि चेनव्हील फिरवून साखळी एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी सैल होते का ते पाहा. होत असेल तर चेनव्हील गोल नाही, किंवा मध्यावर बसलेलं नाही.

आता पुढचा ब्रेक. चांगला कॅलिपर, लिव्हर, केबल आणि रबर मिळून साडेअकराशे. हा खर्च करताना नातवाचं तोंड जरा वाकडं झालं. मी त्याला एवढंच म्हटलं, की पायाने फक्त मागचं चाक थांबतं. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. खरी सायकल थांबवतो तो पुढचा ब्रेक. इंग्लंडमध्येही रस्त्यावरच्या फिक्स्ड सायकलीला पुढचा ब्रेक कायद्याने लागतो. मागचा जुना कॅलिपर मी नवं रबर घालून तसाच ठेवला. शिकणाऱ्याने दोन्ही ठेवावेत.

दुसऱ्या ढिगात रिम, तारा, टायर, ट्यूब, छर्रे. इथे मध्यम माल चालतो, फक्त एक अपवाद. जुनी क्रोम केलेली लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून नुसतं घसरतं. बेळगावच्या पावसात जूनपासून आत्तापर्यंत रिम कोरडी असते कधी? म्हणून दोन्ही रिमा ॲल्युमिनियमच्या घेतल्या, चौदाशेला जोडी.

आणि इथे 'नो-गो' साहेब परत चुकले! हब मागवला ३६ भोकांचा. पहिला बेत असा, की मागची रिम जुनीच वापरायची. हब आल्यावर भोकं मोजली, तर जुन्या रिमला ४०. आपल्याकडच्या जुन्या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० तारा ही जोडी फार चालायची, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मोजलं नाही. नातू म्हणाला, "आबा, माल परत?" हशा झाला, पण मागच्याही रिमेचा खर्च अंगावर आला. तेव्हा एक वही करा. फ्रेमच्या मागच्या खाचांतलं अंतर, बीबीची रुंदी, भोकांची संख्या, रिमचं माप, ब्रेकच्या बोल्टपासून रिमपर्यंतचं अंतर. वही खिशात, व्हर्नियर पिशवीत, आणि शक्य असेल तर जुना भाग सोबत. मगच दुकानात किंवा मोबाइलवर खरेदी. माप न घेता घेतलेली स्वस्त वस्तू सगळ्यात महाग पडते, हे मी माझ्या पैशाने शिकलो.

फ्रेम बाराशेला मिळाली, ओळखीच्या एका घराच्या माळ्यावरून. कॅलिपर ब्रेकची, सव्वीस इंची, लोखंडी. फिक्स्डला मागच्या खाचा आडव्या हव्यात, म्हणजे चाक मागे ओढून साखळी ताणता येते. आपल्या जुन्या सायकलींच्या खाचा आडव्याच असतात, हे आपलं भाग्य. उभ्या खाचांची नवी फ्रेम फुकट मिळाली तरी घेऊ नका. फ्रेम सरळ आहे की नाही ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. मागच्या एका खाचेपासून दोरा बांधायचा, पुढच्या हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत आणायचा. सीटच्या दांड्यापासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर सारखं आलं की फ्रेम सरळ. हेडट्यूबच्या मागे, खालच्या दांड्याच्या पोटाला बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा असेल तर ती सायकल कुठे तरी समोरून धडकलेली आहे. सोडून द्या. चिमटा वाकलेला असेल तर मुळीच घेऊ नका. चिमटा पहिल्या ढिगातला आहे.

माझ्या फ्रेममध्ये मागे ११२ मिमी जागा होती आणि हब १२० चा. आट्यांची सळी आणि दोन नट घेऊन आतून हळूहळू फाकवली. लोखंड थोडं परत मिटतं, म्हणून जरा जास्त फाकवून सोडायचं, मोजायचं, पुन्हा फाकवायचं. दोऱ्याने दोन्ही बाजू तपासायच्या. हे फक्त लोखंडी फ्रेमला. ॲल्युमिनियमला असं केलंत तर तडा जाईल.

आता गिअर. पोरांना मोठा गिअर हवा असतो, पुढे ४८ आणि मागे १६. सपाट गावात ठीक. आपल्याकडे कॅम्पातून हिंडलग्याकडे जायचं म्हटलं तरी चढ-उतार. आम्ही ४४ आणि १७ घेतलं. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पाच मीटर पस्तीस सेंटिमीटर जाते. मिनिटाला ऐंशी फेरे मारले की ताशी पंचवीस-सव्वीस किलोमीटर. सतरा वर्षांच्या पोराला पुरे, आणि गुडघेही शाबूत राहतात.

या आकड्यांत टायरची बचतही आहे. पायाने चाक धरायची प्रत्येकाची एक ठरलेली जागा असते, पॅडल अमुक ठिकाणी आलं की. ४८ भागिले १६ म्हणजे बरोबर तीन. पॅडल त्या जागी आलं की टायरचा तोच एक तुकडा दर वेळी जमिनीला लागतो आणि तिथेच झिजून जातो. ४४ आणि १७ यांना समान भाजक नाही, त्यामुळे टायरच्या सतरा वेगवेगळ्या जागा आळीपाळीने लागतात. चौथीतल्या अपूर्णांकांनी टायर वाचतो! नातवाला हे गणित फार आवडलं. शाळेत तेवढं आवडलं नव्हतं.

तिसऱ्या ढिगात आम्ही हात आखडता घेतला. सीट जुनी, हँडल जुनं पण तडा नसल्याची खात्री करून, पॅडल जुनेच. रंग नाही, नुसतं घासून तेल पुसलं. पॅडलवर पाय धरून ठेवणारे पट्टे मात्र हवेतच, कारण फिरत्या पॅडलवरून पाय सुटला की पॅडल नडगीवर येतं. ते आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या कारागिराने दीडशे रुपयांत कातडी शिवून दिले. बाजारातल्या पट्ट्यांपेक्षा ते मजबूत निघाले. कॉग आवळायचं हत्यारही घरी केलं. लोखंडी पट्टीला जुन्या साखळीचा तुकडा रिबिटने ठोकला की झालं. लॉकरिंगचा आकडीचा पाना मात्र मी जुन्या कारखान्यातल्या मित्राकडून मागून आणला. छिन्नी-हातोडीने लॉकरिंग ठोकू नका, त्याच्या खाचा जातात.

चाकं विणायला मी आमच्या जुन्या सायकल मिस्त्रींकडे गेलो. अडुसष्ट तारांचे सहाशे ऐंशी, मजुरी दोन्ही चाकांची सहाशे. नातू म्हणाला, मोबाइलवर बघून आपणच करू. मी म्हटलं, इथे नको. मिस्त्रींनी तारेवर बोट मारून आवाज ऐकला, आऊट काढला आणि एक पैसा कमी केला नाही. आम्हीही मागितला नाही. घासाघीस करायची ती माल घेताना. कारागिराच्या हाताशी घासाघीस केली की तो एक तार कमी ताणतो, आणि ते आपल्याला कळतही नाही.

टायर-ट्यूब नऊशे, छर्रे आणि ग्रीस एकशे सत्तर. सगळा हिशोब वहीत आहे : अकरा हजार सहाशे रुपये. त्यातले साडेसहा हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त, हब-कॉग, क्रँक, साखळी आणि पुढचा ब्रेक एवढ्यावर. मुलाच्या बारा हजारांतून चारशे उरले. ते सूनबाईंच्या हातात दिले. म्हणाल्या, "आबा, एक हेल्मेट घ्या." वरचे पैसे मी घातले आणि आणलं. हेल्मेटची चिठ्ठी आम्ही ढिगात घालायलाच विसरलो होतो. तपासनीसाच्या वर तपासनीस असतो तो असा.

सायकल तयार झाली त्या दिवशी मी वहीत सही केली. तो पहिल्यांदा निघाला तेव्हा मी पुलाच्या खाली, उतार संपतो तिथे जाऊन उभा राहिलो. तो वरून आला, पाय फिरवत, हळूहळू चाक धरत, शेवटी पुढचा ब्रेक लावून माझ्यासमोर थांबला. काही बोलला नाही. मीही नाही. दोघांनी खाली वाकून लॉकरिंग बघितलं. जागेवर होतं.

आता दर रविवारी सकाळी ओसरीवर दहा मिनिटं जातात. लॉकरिंग, चाकाचे नट, साखळीचा ताण, ब्रेकचं रबर. आधी मी तपासायचो आणि तो बघायचा. आता तो तपासतो आणि मी बघतो. मागच्या महिन्यात त्याने गल्लीतल्या एका पोराची सायकल बघून तोंडावर सांगितलं, "ही नाही चालायची, घरी ढकलत ने." त्या पोराला राग आला. मला मात्र फार बरं वाटलं.

ज्या घरांत माळ्यावर जुनी सायकल पडून आहे, त्यांनी ती भंगारात देण्याआधी एकदा दोरा लावून बघावी. आणि घरातलं पोर सायकल दाखवायला आलं, की माझ्यासारखं नुसतं चाक फिरवून 'चालतंय की' म्हणू नका. चष्मा लावा, खाली बसा आणि बघा. उत्सव संपल्यावर येणाऱ्या रविवारी माझी ओसरी, व्हर्नियर आणि वही सगळ्यांसाठी मोकळी आहे. सायकल घेऊन या. तपासणीचे पैसे पडत नाहीत, पण नापास केली तर वाद घालायचा नाही.

यंदा विसर्जनाला नातू ढोल वाजवणार आहे. सायकल त्या दिवशी घरी राहील.

गणपती बाप्पा मोरया!